पूर्णा-पैनगंगेमधील बारा महिने

ऋतु हा कवीचा विषय आणि राजा हा इतिहासकाराचा, अशी कामाची वांटणी आमच्याकडे फार दिवसांपासून रूढ झालेली आहे. बखरी पाहाव्या, तवारिखा पाहाव्या, अथवा इंग्रजी अमदानींत तयार झालेले जिल्ह्यांचे वृत्तांत पाहावे. त्यांत पावसाचें नांव निघतें तें बहुधा तो पडला नाहीं म्हणून. चौदाव्या शतकाच्या अखेरचा दुर्गादेवीचा दुष्काळ, दख्खन व गुजराथ उजाड करणारा १६३० चा दुष्काळ, संवत् १९५६ वरून ‘छपन्नचा’ म्हणून ओळखला जाणारा १८९९-१९०० चा दुष्काळ, आणि ज्याची आठवण वृद्ध माणसांच्या तोंडून अद्याप ऐकावयास मिळते तो १९७२ चा, एवढ्या मोजक्या वर्षांची हकीकत आपणांस मिळते. मधलीं शेंकडों वर्षें, ज्यांत पाऊस बरा पडला, पिकें बरीं आलीं आणि माणसें जगलीं, तीं कोरीं राहतात.

फ्रान्सांतील इतिहासकारांनीं ही उणीव आमच्या अगोदर ओळखली. इमान्युएल ल रॉय लादुरी यांनीं १९६७ सालीं त्या देशाच्या हवामानाचा हजार वर्षांचा इतिहास लिहिला, तेव्हां त्यांचें एक मुख्य साधन होतें गांवोगांवच्या द्राक्षतोडणीच्या तारखा. तोडणीस कोणत्या दिवशीं हात घालावयाचा, हें तेथें गांवानें मिळून ठरवावें आणि जाहीर करावें, अशी चाल होती, आणि त्या तारखा दप्तरांत राहिल्या. तोडणी लवकर झाली तर उन्हाळा कडक होता, उशिरा झाली तर थंड व पावसाळी होता, हें उघड आहे. बर्गंडी प्रांतांतील बोन शहरच्या अशा तारखांची १३५४ पासून २०१८ पर्यंतची मालिका आतां प्रसिद्ध झाली आहे. सहा शतकांहून अधिक काळाचे उन्हाळे शेतकऱ्यांच्या एका साध्या निर्णयांतून वाचतां यावेत, ही गोष्ट कोणाहि इतिहासाभ्यासकाला हेवा वाटण्यासारखी आहे.

आमच्याकडे असें दप्तर नाहीं. परंतु कालगणना आहे, यात्रा आहेत, महसुलाचे कागद आहेत, आणि शेतांतले शब्द आहेत. एवढ्या साधनांनीं एका लहानशा प्रदेशाचें वर्ष कसें घडत गेलें तें पाहावें, अशा हेतूनें हा लेख लिहीत आहें. आणि त्यासाठीं मीं हिंगोलीचा प्रदेश निवडला आहे.

हिंगोली हा जिल्हा तसा वयानें लहान. १ मे १९९९ रोजीं तो परभणीपासून वेगळा काढण्यांत आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगांव हे त्याचे पांच तालुके. पण प्रदेश पुराणा आहे. उत्तरेच्या अंगास पैनगंगा, दक्षिणेच्या अंगास पूर्णा, आणि दोहींच्या मध्यें नर्सीवरून वाहत जाणारी कयाधू. वसमतकडे काळी, भारी, ओल धरून ठेवणारी जमीन. औंढ्या-कळमनुरीच्या बाजूस डोंगरांच्या सोंडा, मुरूम, आणि साग-पळसाचीं रानें. पाऊस सरासरीनें चौतीस-पस्तीस इंच, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. देखावे पाहण्याच्या हौसेनें शहरांतून येथें सहसा कोणी येत नाहीं. कोंकणाला समुद्र आहे, मावळाला किल्ले आहेत; येथें रुंद आभाळ आहे आणि त्याखालीं शेतें. परंतु याच कारणानें या भूमीचें रूप ऋतूंच्या स्वाधीन आहे. वैशाखांत जी माती भेगाळून राखेच्या रंगाची झालेली असते, तीच श्रावणांत इतकी हिरवी होते कीं, तेथून दोन महिन्यांनीं जाणाऱ्या वाटसरूला आपण वाट चुकलों असें वाटावें.

वर्ष कोठें सुरू होतें, या साध्या प्रश्नापासून आरंभ करूं. हिंगोलीकडच्या खेड्यांत एकेकाळीं या प्रश्नाला निदान चार उत्तरें होतीं. सालगडी आणि त्याचा मालक यांचें वर्ष चैत्री पाडव्याला सुरू होई. जुना करार त्या दिवशीं संपे, नवा ठरे, आणि न पटल्यास गडी दुसऱ्या वाड्यावर जाई. वाण्याचें वर्ष दिवाळीच्या पाडव्याला. शेतकऱ्याचें वर्ष मृगाला. मराठी दप्तरांतील शुहूर सन, ज्याला अरबी सन किंवा मृगसाल म्हणत, तो सूर्य मृग नक्षत्रांत शिरला कीं बदले; म्हणजे पेशव्यांच्या फडावरील कारकुनाचा आणि औत धरणाऱ्या कुणब्याचा वर्षारंभ एकच होता. राज्यकर्त्यांच्या कालगणनेंत आणि नांगराच्या कालगणनेंत इतका मेळ पुढें क्वचितच राहिला.

कारण चौथें उत्तर हैदराबादेहून आलें. निजामी राज्यांतील फसली सन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत सुरू होई, आणि त्याच्या महिन्यांचीं नांवें होतीं आजूर, दै, बहमन, इस्फंदार अशीं. नांवें इराणी आणि मोठीं गोड. परंतु इराणांत जो फर्वर्दीन वसंताचा पहिला महिना, तो हैदराबादेच्या हिशोबांत फेब्रुवारींत पडे. मराठवाड्याच्या शेतकऱ्याला या महिन्यांशीं कर्तव्य एवढेंच कीं, सरकारी हप्ता कोणत्या तारखेला भरावयाचा तें त्यांवरून ठरे. येथें फ्रान्सची आठवण पुन्हां होते. राज्यक्रांतीनंतर १७९३ सालीं तेथेंहि नवी कालगणना आली, आणि तिच्या महिन्यांस मुद्दाम ऋतूंचीं नांवें देण्यांत आलीं : द्राक्षतोडणीचा महिना, धुक्याचा महिना, वाऱ्याचा महिना, अंकुराचा महिना. ज्या कवीनें हीं नांवें योजिलीं तो फाब्र देग्लांतीन पुढच्याच वर्षीं, त्यानेंच नांव दिलेल्या अंकुराच्या महिन्यांत, गिलोटिनखालीं गेला. आणि १८०६ च्या पहिल्या दिवसापासून नेपोलियननें ती कालगणनाहि रद्द केली. राजधानीत बसून खेड्याला महिने नेमून देण्याचा प्रयोग पॅरिसला साधला नाहीं आणि हैदराबादेलाहि साधला नाहीं. हैदराबाद संस्थान गेलें आणि आजूर-बहमनहि गेले. आतां जुन्या कागदांचा शोध घेणारे वकील आणि वारसदार यांनाच ते भेटतात.

मृग मात्र टिकला. सात-आठ जूनला सूर्य त्या नक्षत्रांत येतो, जमिनींतून मखमलीसारखे तांबडे मृगाचे किडे वर येतात, आणि शेतकरी आभाळाकडे पाहूं लागतो. पुढें आर्द्रा, मग पुनर्वसूचा तो ‘तरणा’ पाऊस आणि पुष्याचा तो ‘म्हातारा’, मग आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. प्रत्येकाला पंचांगांत एक वाहन, आणि बेडूक किंवा म्हैस आली तर समाधान, गाढव आलें तर चिंता. सुशिक्षित मनुष्य याला हंसतो. हंसण्याचें खरें कारण मात्र निराळें आहे, आणि तें सहसा कोणी सांगत नाहीं. नक्षत्रें ताऱ्यांना बांधलेलीं आणि पाऊस सूर्याच्या दक्षिणोत्तर चालीला बांधलेला. संपातबिंदु मागें सरकत असल्यामुळें या दोहोंमध्यें सुमारें बहात्तर वर्षांत एक दिवसाचें अंतर पडतें. नामदेवांचा जन्म परंपरेनें १२७० सालचा. त्या काळीं सूर्याचा मृगप्रवेश, आजच्या इंग्रजी तारखांच्या हिशोबानें, मेच्या अखेरीस होत असे; हालाच्या काळीं तो मेच्या मध्यावरच होऊन जाई. मोसमी पाऊस या भागांत साधारणतः जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत येतो. त्याचा क्रम फारसा बदलला नाहीं असें धरलें, तर नामदेवांच्या पिढीचा मृग बहुधा कोरडा असणार आणि त्यांची पेरणी आर्द्रांत होत असणार. ‘मृगाचा पाऊस’ ही आमची अनादि वाटणारी कल्पना त्या मानानें अलीकडच्या शतकांची आहे. आणखी सात-आठशें वर्षांनीं मृग जूनच्या मध्याहूनहि पुढें जाईल आणि पहिला पाऊस रोहिणीच्या पदरांत पडूं लागेल. तेव्हांचे लोक आमच्या म्हणींचा अर्थ काय लावतील तो लावोत.

सूर्य आर्द्रांतून पुढें सरकतो, तोंच पंढरीची वाट वाहूं लागते. नर्सी हें नामदेवांचें जन्मगांव म्हणून वारकरी मानतात. तेथून जवळच औंढा, जेथें विसोबा खेचर त्यांना गुरु म्हणून भेटले असें संतचरित्रें सांगतात. औंढ्याचें देऊळ यादवकालीन; त्याचा खालचा भाग दाट कोरीव कामानें भरलेला आणि वरचा मागाहून बांधून काढलेला, हें पाहतांक्षणींच कळतें. नामदेवांच्या कीर्तनासाठीं तें देऊळ फिरलें ही कथा सर्वश्रुत आहे. इतिहासाच्या दृष्टीनें मला तीपेक्षां नर्सीची परतवारी अधिक बोलकी वाटते. आषाढ शुद्ध एकादशीला पंढरपूर, आणि परत येतांना वद्य एकादशीला नर्सी. पेरणी आटोपून बाहेर पडलेला शेतकरी कोळपणीला घरीं पोंचला पाहिजे. दोन एकादशांच्या मधले पंधरा दिवस ही त्याला शेतानें दिलेली रजा आहे. वारीचें वेळापत्रक कोणा धर्मशास्त्र्यानें आंखलें असेल, पण तें टिकलें तें तिफण आणि कोळपें यांच्या मधल्या फटींत बसलें म्हणून. नामदेव पंजाबांत गेले, त्यांचीं पदें शीखांच्या ग्रंथसाहेबांत गेलीं, आणि त्यामुळें आज नर्सीला शीख यात्रेकरूहि येतात; ते मात्र या वेळापत्रकानें बांधलेले नाहींत.

श्रावण-भाद्रपदाचें वर्णन कवींनीं इतकें केलें आहे कीं, येथें दोनच गोष्टी नोंदवितों. एक, तांड्यावरची तीज. बंजारा समाजाच्या कुमारिका टोपल्यांत गहूं पेरतात, त्याला नऊ दिवस पाणी घालतात, गातात, आणि गोकुळाष्टमीच्या सुमारास ते पोपटी अंकुर पाण्यांत सोडतात. ज्यांच्या पूर्वजांनीं शतकानुशतकें बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहिलें, त्यांच्या मुलींच्या हातीं वर्षांतून एकदां हें टोपलीएवढें शेत येतें. दुसरी, पोळा. आदल्या दिवशीं बैलांचे खांदे लोण्या-हळदीनें मळावयाचे आणि त्यांना जेवणाचें आवतण द्यावयाचें, ही चाल अजून आहे. बैल मात्र कमी झाले आहेत. त्याचें कारण पुढें येईल.

आश्विनांत या प्रदेशाचा खरा इतिहास सुरू होतो. पाऊस उघडला, नद्यांचे उतार मोकळे झाले, वाटा सुकल्या, म्हणजे जुन्या काळीं जो तो घराबाहेर पडे. दसऱ्याचें सीमोल्लंघन आतां आपण आपट्याच्या पानांपुरतें करतों. पूर्वीं मराठ्यांच्या फौजा त्या मुहूर्तावर खरोखरच निघत, पेंढारी निघत, लमाणांचे तांडे निघत, व्यापारी निघत, आणि त्यांच्या मागोमाग ठगहि निघत. हिंगोलीचें नांव इंग्रजी वाङ्मयांत गेलें तें या शेवटच्या मंडळींमुळें. येथें हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. मेडोज टेलर यांनीं १८३९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ठगविषयक कादंबरीच्या प्रस्तावनेंत या छावणीच्या बाजारांतील हरिसिंग नांवाच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याची हकीकत दिली आहे. इंग्रज अधिकारी त्याच्याकडून माल घेत. खुद्द टेलर यांचाहि त्याच्याशीं व्यवहार झाला होता. या गृहस्थानें एकदां मुंबईहून कापड आणण्यासाठीं जिल्ह्याच्या मुलकी अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना घेतला, तें कापड घेऊन येणाऱ्या दुसऱ्याच व्यापाऱ्याला त्याच्या माणसांसह वाटेंत मारलें, आणि तो माल त्याच परवान्यावर हिंगोलीस आणून उघड विकला. पुढें पकडला गेल्यावर त्यानें हें स्वतःच सांगितलें. पहाऱ्यावरील शिपायांच्या रांगेपासून थोड्याच अंतरावर पुरलेलीं प्रेतें जेव्हां उकरून काढण्यांत आलीं तेव्हां टेलर स्वतः हजर होते. ठगांविषयींच्या इंग्रजी लिखाणांत अतिशयोक्ति पुष्कळ आहे, हें अलीकडचे संशोधक सांगतात तें योग्यच आहे. तरी पावसाळा संपतांच रस्त्यावर येणारा पैसा आणि त्या पैशामागें येणारा मृत्यु, एवढी गोष्ट उरतेच.

त्याच छावणीनें हिंगोलीला तिचा दसराहि दिला. कंटिंजंटमधील उत्तर हिंदुस्थानी शिपायांची रामलीला आणि खाकीबाबांच्या मठाची परंपरा यांतून तो वाढला असें स्थानिक लोक सांगतात. दीडशें वर्षांहून अधिक काळ तो चालूं आहे, आणि रावण जळतो तें मैदान रामलीला मैदान म्हणूनच ओळखलें जातें. १९०३ सालीं कंटिंजंट मोडून हिंदी सैन्यांत सामील करण्यांत आलें आणि शिपाई गेले. रामलीला राहिली. मराठी मुलुखांत, निजामाच्या अमलाखालीं, इंग्रजांच्या नोकरींतील अवधी-भोजपुरी शिपायांनीं रुजविलेला हा उत्सव आज तेथील शेतकऱ्यांच्या वर्षाची मधली खूण आहे. संस्कृतीच्या शुद्धतेविषयीं बोलणाऱ्यांनीं एकदां हा दसरा पाहावा.

कार्तिक-मार्गशीर्षांत कापूस फुटे. अमेरिकेंतील यादवी युद्धानें १८६१ ते १८६५ या वर्षांत शेजारच्या वऱ्हाडांत जी कापसाची लाट आणली, तिची ओल पैनगंगेच्या या तीरालाहि लागली. पण हिंगोलीचें वर्ष पालटलें तें १९१२ सालीं, पूर्णा जंक्शनहून रेल्वेचा फांटा येथपर्यंत आला तेव्हां. पुढें कित्येक दशकें हिंगोली हें त्या फांट्याचें टोंक होतें, आणि टोंकाच्या स्थानकाला जें महत्त्व येतें तें मधल्या स्थानकाला येत नाहीं. सरकी काढण्याचे कारखाने, गाठींचे दाब, अडत्यांच्या पेढ्या, आणि थंडीच्या रात्रीं रांगेनें येणाऱ्या कापसाच्या गाड्या : खेड्याच्या वर्षांत हा एक नवाच ऋतु शिरला. ज्वारी पिकविणारा मनुष्य पावसाकडे पाही. कापूस पिकविणारा पावसाकडे पाहून शिवाय लिव्हरपूलच्या भावाकडे पाहूं लागला. लमाणांचे बैल मात्र या रेल्वेमुळें कायमचे बसले.

तरीहि पोटाचें पीक ज्वारी होतें, आणि जुन्या लोकांच्या मनांत हिवाळा म्हणजे ज्वारी. पुरुषभर उंच धाटें, कणसांत भरलेला दुधाळ दाणा, शेताच्या मध्यावर चार मेढींचा माळा, त्यावर गोफण घेऊन उभें असलेलें पोर, आणि त्याच्या आरोळीबरोबर उठून पुन्हां पलीकडे बसणारा पाखरांचा थवा. मग हुरडा, आगटीच्या राखेंतून काढलेलीं कणसें, हातावर चोळलेला तो गरम हिरवा दाणा. मग खळें : जमीन चोपून, शेणानें सारवून, मध्यें तिवडा रोवून, त्याभोंवतीं फिरणारी बैलांची पात, आणि संध्याकाळचा वारा सुटला म्हणजे तिव्ह्यावर उभें राहून वाऱ्यावर धरलेलें सूप. फ्रान्सांतील लिंबूर्ग बंधूंनीं पंधराव्या शतकाच्या आरंभीं एका सरदारासाठीं बारा महिन्यांचीं बारा चित्रें काढलीं, तशीं कोणी आमच्याकडे काढलीं असतीं तर पौषाचें चित्र हेंच झालें असतें.

त्या चित्रांत मागें किल्ला आणि पुढें शेतकरी, अशी मांडणी आहे. आमच्या खळ्याचीहि एक मांडणी होती, आणि ती सांगितल्यावांचून हें वर्णन खोटें ठरेल. रास झाली कीं तींतून आधीं सरकारचें आणि सावकाराचें निघे. मग सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांचें बलुतें. आणि गांवकुसाबाहेरच्या महार-मांगांना, ज्यांनीं वर्षभर राबून तें खळें भरलें त्यांना, मान खालीं घालून दूर उभें राहावें लागे. पीक निघाल्यावर मागें पडलेलीं कणसें वेंचणें याला सरवा म्हणतात. मिले या फ्रेंच चित्रकारानें १८५७ सालीं सरवा वेंचणाऱ्या तीन बायांचें चित्र दाखविलें, तेव्हां पॅरिसच्या सुखवस्तु टीकाकारांना तें आवडलें नाहीं. वांकलेल्या पाठींमागें सुगीची भलीमोठी रास दिसत होती, हें त्यांना खुपलें. ज्या कोणाला जुन्या खेड्याच्या आठवणीनें गहिंवरून येतें, त्यानें आपण त्या चित्रांत कोठें उभे होतों तें आधीं स्वतःला विचारावें.

१९४७ आणि १९४८ या दोन सालांत हें चक्र जवळजवळ थांबलें. पैनगंगा ही तेव्हां दोन राज्यांची सीमा होती : अलीकडे निजाम, पलीकडे स्वतंत्र हिंदुस्थानांतील वऱ्हाड. रझाकारांच्या धाकानें गांवेंच्या गांवें नदी उतरून पलीकडे गेलीं, उमरखेडला स्टेट काँग्रेसची छावणी पडली, आणि अलीकडच्या तीरावर उभीं पिकें राखायला माणूस उरला नाहीं. वसमत तालुक्यांतील वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यांत कामास आले; वसमतचें महाविद्यालय त्यांच्या नांवानें चालतें. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामानें शरणागति पत्करली तो महिना भाद्रपदाचा होता. त्यानंतरच्या दोन वर्षांत जहागिऱ्या गेल्या आणि कुळकायदा आला, म्हणजे त्या खळ्यावरची वांटणी प्रथमच कायद्याच्या कक्षेंत आली. राजकीय इतिहासांत या तारखा मोठ्या अक्षरांत छापतात. मला त्यांत एक बारीक तारीख घालावीशी वाटते : त्या वर्षींची रब्बीची पेरणी, जी नदीपलीकडून परतलेल्या माणसांनीं उसन्या बियाण्यावर केली असेल.

फाल्गुन लागला कीं औंढ्याच्या डोंगरांत पळस पेटतो. पानें गळून गेलेल्या झाडांवर दुसरें कांहींच नसतें, फक्त तो रंग. माघाच्या अखेरीस महाशिवरात्रीला नागनाथाच्या यात्रेला आलेले लोक त्याच्या कळ्या पाहून जातात. चैत्रांत मोह गळतो. कळमनुरीकडच्या आंध लोकांच्या बाया पहांटे, जनावरांनीं तोंड लावण्यापूर्वीं, ते फिकट मांसल फूल वेंचून आणतात. हा सरवाच, पण रानाचा, आणि यांत कोणापुढें मान वांकवावी लागत नाहीं. जंगल खात्याचा अंमल सुरू झाल्यापासून मात्र तसें नि:शंकपणें म्हणवत नाहीं.

वसमतकडे याच दिवसांत हळद निघते. अक्षय्यतृतीयेच्या पुढें लावलेली, आठ-नऊ महिने जमिनींत राहिलेली ही हळद उकरावी, शिजवावी, उन्हांत वाळवावी आणि घासून चकचकीत करावी लागते. पूर्वीं मोठ्या काहिलींत पाला-पाचोळ्याच्या जाळावर ती शिजे आणि सबंध शिवारावर तिचा उग्र वास राही. आतां वाफेचीं यंत्रें आलीं आहेत. २०२४ सालीं वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालें. हें पीक जुनें असलें तरी त्याचा आजचा विस्तार धरणांनंतरचा आहे. पूर्णेवरील येलदरी आणि सिद्धेश्वर हीं धरणें १९६८ च्या सुमारास पुरीं झालीं, आणि कालव्यांखालच्या गांवांना उन्हाळा हाहि पिकाचा ऋतु झाला. नदीनें नेहमीं जें केलें, म्हणजे वर्षाचे दोन भाग पाडले, तें कालव्यानें पुसून टाकलें. आणि त्याच जिल्ह्यांत, पाट जेथें पोंचत नाहीं त्या डोंगराळ तालुक्यांत, फाल्गुनापासून डोक्यावर हंडा आला. एकाच चैत्रांत वसमतला हळदीचे ढीग आणि सेनगांवकडच्या माळावर टँकरची वाट, असे दोन ऋतु शेजारीं शेजारीं नांदतात.

सर्वांत मोठा पालट मात्र धरणानें केला नाहीं, तो एका शेंगेनें केला. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सोयाबीन मराठवाड्यांत पसरूं लागलें आणि वीस-पंचवीस वर्षांत त्यानें खरिपाच्या ज्वारीला बहुतेक शेतांतून बाहेर काढलें. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. तीन-सव्वातीन महिन्यांत तें हातीं येतें, रोकड देतें, आणि पाखरें त्याला शिवत नाहींत. पण जुन्या वर्षाच्या किती खुंट्या त्यानें एकदम उपटल्या तें पाहावें. पाखरें नाहींत म्हणून माळा नाहीं, गोफण नाहीं. मळणी यंत्रांत होते म्हणून खळें नाहीं, पात नाहीं, रास नाहीं. कडबा नाहीं म्हणून बैल परवडत नाहींत, आणि बैल नाहींत म्हणून पोळ्याला कांहीं घरांतून मातीच्या बैलांचीच पूजा होते. सुगी पौषांतून आश्विनांत आली. दसऱ्याच्या आंत पीक बाजारांत, आणि त्याच सुमारास परतीचा पाऊस आला तर उभ्या शेंगांना मोड. तिवडा, पात, मदन, उपणणी हे शब्द आज शाळेंतल्या मुलाला समजावून सांगावे लागतात. ज्या पिकानें बलुत्याची लाचारी संपविण्यास हातभार लावला त्यानेंच हुरडाहि नेला, ही दोन्ही वाक्यें एकदमच खरीं आहेत, आणि त्यांतलें एकच सांगणारा लेखक, कोणत्याहि बाजूचा असो, मला अर्धा वाटतो.

हालाच्या गाथासप्तशतींत, जी गोदावरीकांठच्या महाराष्ट्री प्राकृतांत आहे, पुन्हां पुन्हां एक पथिक येतो. तो हिवाळ्यांत परगांवीं गेलेला असतो आणि पहिला मेघ दिसतांच घराकडे वळतो. दारांत त्याची वाट पाहणारी एक स्त्री असते. पंडितांनीं त्याला शृंगाराचा संकेत ठरवून ठेवला आहे. परंतु दोन हजार वर्षांपूर्वींचा हा मनुष्य कोठें जात होता आणि काय मिळवून आणीत होता, हें कोणी फारसें विचारलें नाहीं. कोरडवाहू जमिनीला आठ महिने काम नसतें, आणि काम नसलेला मनुष्य वाट धरतो, हें उत्तर हिंगोलीच्या प्रदेशांत आजहि डोळ्यांनीं दिसतें. दसरा-दिवाळी झाली कीं तांड्यांतून आणि डोंगराकडच्या वाड्यांतून ऊंसतोडीचे लोक निघतात. मुकादमाची उचल आधींच घेतलेली आणि बहुधा खर्चलेलीहि असते. नवराबायको मिळून एक कोयता, अशी त्यांची गणती आहे. गाथेंतल्यासारखी ती मागें दारांत राहत नाहीं. ट्रकवर भांडीं, पत्रे, कोंबड्या आणि निजलेलीं मुलें घेऊन तीं पश्चिमेच्या कारखान्यांकडे जातात. ज्या मुहूर्तावर फौजा निघत, त्याच मुहूर्तावर.

मागें तांड्यावर म्हातारीं माणसें राहतात, आणि शाळेसाठीं आजीजवळ ठेवलेलीं कांहीं मुलें. कुलुपें लागतात. चैत्र-वैशाखांत कारखान्यांचे पट्टे पडले म्हणजे एकेक ट्रक परत येऊं लागतो. उचल फिटली कीं नाहीं याचा हिशोब होतो, लग्नें उरकतात, मोहाच्या झाडाखालीं पंचायती बसतात. मग कोणी घरावरचीं कौलें फिरवितो, कोणी दोन एकरांत वखर घालून घेतो, आणि रोहिणी निघून मृग लागेपर्यंत सर्वजण घरीं आलेले असतात.